पहिली नानकटाई बिघडू द्या



आज स्वयंपाकाबद्दल बोलायचं आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी शेफ वगैरे काही नाही. पाच वर्षांपूर्वीपर्यंत मला चहा आणि मॅगी सोडून काहीही येत नव्हतं. वय तेव्हा अडतीस. आम्ही बडोद्याला राहतो. बायकोची दोन वर्षांसाठी दुसऱ्या शहरात बदली झाली, आणि घरात उरलो मी आणि आमची सात वर्षांची लेक. दोन वेळचा डबा बाहेरून यायचा. लेक तो उघडायची, बघायची आणि म्हणायची, "बाबा, बिस्किटं आहेत का?"

तर हे बोलणं त्या बिस्किटांपासूनच सुरू करू.

एका रविवारी मी म्हटलं, आपणच बिस्किटं करूया. नानकटाई! मी सांगलीकडचा. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरून रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं, रांगेत बसायचं, आणि भट्टीतून निघालेली गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायची. तुमच्यापैकी अनेकांना हे आठवत असेल. शिवाय आम्ही गुजरातेत, सुरत जवळच. सुरतेला डचांची वखार होती, त्यांच्या भट्टीतून आणि पुढे पारशी बेकरीवाल्यांच्या हातून नानकटाई आली, असं सांगतात. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. मी लेकीला ही गोष्ट रंगवून सांगितली. ती एकदम खूश.

आणि मग तिच्या हातून मैद्याची पिशवी सांडली. सगळी. ओट्यावर, फरशीवर, तिच्या केसांत.

मी ओरडलो. "तू जा बरं बाहेर! मी करतो!"

ती गेली. मी एकट्याने नानकटाई केली. मे महिना होता, तूप पाण्यासारखं पातळ झालेलं, मी तसंच ओतलं. ओव्हनमध्ये सगळ्या नानकटाया वितळून एकमेकींत मिसळल्या आणि ताटभर एकच मोठी, कडेने जळकी चकती तयार झाली. लेक बघायलाही आली नाही. पुढचा महिनाभर ती स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. पाणी हवं असलं तरी दारात उभी राहून मागायची.

त्या महिन्यात मला एक गोष्ट लख्ख दिसली. "तू जा बाहेर" हे वाक्य माझं नव्हतंच. ते माझ्या आईचं होतं. फक्त आई ते मायेनं म्हणायची. "तू जा बाळा, अभ्यास कर, मी आणते ताट." तिच्या बोलण्यात राग कधीच नव्हता. पण त्यामुळे अडतिसाव्या वर्षी मला वरण-भात येत नव्हता, हे खरंच आहे. आता तेच मी माझ्या लेकीला दिलं होतं, वर ओरडून.

मग मी काय केलं? सॉरी म्हटलं, ते तर झालंच. पण नुसत्या सॉरीनं ती आली नाही. मी स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल काटा आणला आणि तिला म्हटलं, "मागच्या वेळी माझी नानकटाई बिघडली. माझं माप चुकतंय. तू मोजून देशील का?" काट्यावर रिकामं भांडं ठेवलं की आकडा येतो आणि बटण दाबलं की तो शून्य होतो, ही जादू तिने चार वेळा करून बघितली. मग म्हणाली, "किती मोजू?"

लिहून घ्या. मैदा 100 ग्रॅम. बेसन 25 ग्रॅम. बारीक रवा 25 ग्रॅम. पिठीसाखर 75 ग्रॅम. तूप 90 ग्रॅम. बेकिंग पावडर पाव चमचा, चिमूटभर मीठ, आणि तीन-चार वेलदोड्यांची पूड. यात सोळा-सतरा नानकटाया होतात.

आता प्रत्येक पायरीचं कारण सांगतो, कारण कारण कळलं की कृती पाठ करावी लागत नाही.

तूप थिजलेलं हवं, मऊ लोण्यासारखं. उन्हाळ्यात पातळ असेल तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. तूप आणि पिठीसाखर एकत्र फेटायची, रंग पांढुरका होईपर्यंत आणि मिश्रण हलकं होईपर्यंत. फेटताना तुपात हवा कोंडली जाते, तिने नानकटाई हलकी होते. पातळ तुपात ही हवा टिकत नाही, आणि पीठ ओव्हनमध्ये घट्ट व्हायच्या आत पसरून जातं. माझी चकती झाली ती यामुळे.

मग पिठं चाळून घालायची आणि हलक्या हाताने गोळा करायचा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. पिठाला पाणी लागलं आणि आपण मळलं की गव्हातली प्रथिनं एकमेकांना धरतात, कणीक चिवट होते. पोळीला तेच हवं असतं. नानकटाईत मात्र तूप पिठाच्या कणांना वेढून बसतं आणि हा चिवटपणा येऊ देत नाही. आपल्या आज्या करंजीला, शंकरपाळ्याला मोहन घालतात ते याचसाठी. मोहन चोळलेलं पीठ मुठीत दाबलं तर मूटका टिकला पाहिजे, ही त्यांची परीक्षा. मी लेकीला ती करायला दिली. मूठ उघडून ती ओरडली, "टिकला!" महिन्याभरानं तिचा असा आवाज ऐकला.

छोटे गोळे करून, किंचित चपटे करून, अंतर ठेवून मांडा. गोळा फार मऊ वाटला तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये. ओव्हन आधी तापवून घ्या, 170 अंश सेल्सियस. पंधरा ते अठरा मिनिटं. वरून लालसर व्हायची वाट बघू नका. खालची कड सोनेरी झाली की काढा. गरम असताना ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. बरेच जण इथेच फसतात, मऊ आहे म्हणून परत आत ठेवतात आणि मग दगड होतो.

ओव्हन नाही? काही बिघडत नाही. दिल्लीकडे हातगाडीवर कोळशाच्या धगीत नानकटाई भाजून देतात, ती कुठल्या ओव्हनमध्ये होते? जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या, नॉनस्टिक नको, ती रिकामी तापवणं चांगलं नाही. तळाशी मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग ताटली आत ठेवा आणि आच मंद करा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ते मीठ गार झाल्यावर बरणीत ठेवा, पुढच्या वेळी तेच चालतं.

आता मुलांबद्दल. "मुलांना काय करू द्यायचं?" हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझा अनुभव असा. तीन-चार वर्षांचं मूल पीठ चाळतं, मटार सोलतं, कोथिंबीर निवडतं. सहा-सात वर्षांचं मोजतं, गोळे करतं, काकडी बोथट सुरीने कापतं. नऊ-दहा वर्षांचं किसणी आणि साधी सुरी वापरतं, तुम्ही शेजारी उभे असताना. गॅस त्यानंतर, आणि सुरुवातीला एकट्याने कधीच नाही. मूल तुमचं, अंदाज तुमचा. पण काम खरं द्या. नुसता गोळा देऊन "खेळ बस" म्हटलं की मुलाला कळतं, आपल्याला कटवलंय. त्याने मोजलेलं पीठच नानकटाईत गेलं पाहिजे.

आणि सांडणार. हे धरूनच चाला. आम्ही आता मोठ्या परातीत भांडं ठेवतो, जे सांडेल ते परातीत. सांडलेलं पुसायचं कामही मोजण्याइतकंच महत्त्वाचं, ते तिचं.

तीन नियम मात्र आमच्या घरी वादापलीकडचे आहेत. पहिला, कच्चं पीठ चाटायचं नाही. मैदा असो की कणीक, ती भाजल्याशिवाय खाण्यासाठी नसते, त्यात जंतू असू शकतात. दुसरा, भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. मोठं भाजलं तर पाण्यानंतर थेट डॉक्टर. तिसरा, कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच ओतायचं नाही. गॅस बंद, वर झाकण, आणि कढई जागची हलवायची नाही. हे मुलांना आणि आपल्याला, दोघांनाही तोंडपाठ हवं.

आता जे माझ्यासारखे मोठे नवशिके आहेत त्यांच्यासाठी. घरापासून दूर नोकरीला आलेली मुलं-मुली, बदलीवर एकटे राहणारे, निवृत्तीनंतर पहिल्यांदा ओट्यापाशी उभे राहिलेले काका. तुम्ही आईला फोन करता, "मीठ किती घालू?" उत्तर येतं, "घाल अंदाजाने." बरोबर? अहो, अंदाज असता तर फोन कशाला केला असता!

मी आईवर या शब्दावरून चिडायचो. मग बेकिंग करता करता मला त्यातला फरक कळला. नानकटाई एकदा ओव्हनमध्ये गेली की तुमच्या हातात काही राहत नाही, म्हणून सगळं आधी मोजावं लागतं. आमटीचं तसं नाही. ती उकळत असते, तुम्ही चमचाभर चाखता, मीठ कमी तर घालता, आंबट झाली तर गूळ घालता. म्हणून तिथे माप सैल चालतं. नवशिक्याने आधी मापाने करावं आणि प्रत्येक टप्प्यावर चाखावं. असं पंधरा-वीस वेळा केलं की जे हाताला कळतं त्यालाच आई अंदाज म्हणते. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' इतक्या घरांत का पोचलं? वाटी-चमच्याचं नेमकं माप दिलं म्हणून. नवीन लग्न झालेल्या मुलींना परगावी तेच हवं होतं.

तर पहिलं माप घ्या, वरण-भाताचं. तांदूळ एक वाटी, पाणी दोन वाट्या. तूरडाळ अर्धी वाटी, पाणी दीड वाटी, चिमूट हळद, चिमूट हिंग. दोन्ही धुवून, कुकरच्या दोन भांड्यांत, कुकरच्या तळाशी वेगळं पाणी. हे तळाचं पाणी मी पहिल्यांदा विसरलो होतो, तुम्ही विसरू नका. तीन-चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही.

दुसरी गोष्ट फोडणी. तेल तापलं की नाही हे एक मोहरी टाकून बघा. ती तडतडली तर बाकीची घाला. मोहरी पूर्ण तडतडल्यावर जिरं, मग आच मंद करून हिंग आणि सगळ्यात शेवटी हळद, कारण हळद क्षणात जळते आणि कडू लागते. लगेच त्यावर कांदा किंवा शिजलेलं वरण. एवढं जमलं की पोहे, उपमा, आमटी, बटाट्याची भाजी, सगळ्यांची दारं उघडतात. सुरुवात सारखीच आहे.

एवढं दोन गोष्टींचं भांडवल महिनाभर पुरतं. तिसरी गोष्ट घाईने शिकू नका.

आता शेवटचं. मागच्या पावसाळ्यात मला सणकून ताप आला. बायको ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होती. मी झोपलो होतो. लेक आता बारा वर्षांची आहे. स्वयंपाकघरातून फोनवर बोलल्याचा आवाज आला. "आजी, एका वाटीला दोन वाट्या पाणी मला माहितीये. पण आजारी माणसाला मऊ लागतो ना, मग किती?" पलीकडून आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण लेक म्हणाली, "अंदाजाने नको आजी, आकडा सांग."

शेजारच्या काकूंना बोलावून, त्यांना कुकरपाशी उभं करून तिने भात लावला. चार वाट्या पाण्याचा मऊ भात, वर तूप. मीठ घालायला विसरली होती. पहिल्या घासाला तिच्याच लक्षात आलं असावं, कारण माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मीठ आण गं जरा." ती धावत गेली आणि मिठाची बरणीच घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तेवढंच बघायचं होतं.

तेव्हा या रविवारी एकच करा. घरात मूल असेल तर त्याच्या हातात चाळणी द्या. मूल नसेल, तर स्वतःच्या हातात द्या. मोजा, करा, बिघडलं तर का बिघडलं ते एका ओळीत वहीत लिहा. आमच्या वहीतली पहिली ओळ लेकीच्या अक्षरात आहे: "तूप पातळ होतं. बाबा ओरडले. पुन्हा करायचं."