पहिलवान दारासिंग
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



घरात पोरगे दंड थोपटून उभे राहिले, की म्हातारी म्हणते, "मोठा दारासिंग लागून गेलास!" हे बोलणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पण हे दारासिंग कोण? आज त्यांचीच हकीकत सांगतो.

दारासिंग यांचा जन्म 1928 साली झाला. मुलूख पंजाब, जिल्हा अमृतसर, गाव धर्मूचक. घर शेतकऱ्याचे. 1947 च्या सुमारास ते पोटासाठी सिंगापूरला गेले. तिथे कारखान्यात काम केले आणि कुस्तीही शिकले. अंगकाठी दांडगी, उंची सहा फूट दोन इंच. पुढे कुस्ती हाच त्यांचा धंदा झाला.

ही कुस्ती आपल्या जत्रेतल्यासारखी नव्हे. आपल्याकडे लाल माती असते, हलगी वाजते. पाठ लागली की कुस्ती झाली. त्यांची कुस्ती 'फ्रीस्टाइल'. उंच चौथरा, वर गादी आणि चारी बाजूंनी दोर. लोक तिकीट काढून बघायला येत. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर अशा कुस्त्यांना ही गर्दी होई. किंग काँग नावाचा एक परदेशी मल्ल होता, देहाने डोंगराएवढा. त्याच्याशी दारासिंगांची जोड फार गाजली.

1954 साली ते 'रुस्तम-ए-हिंद' झाले. 1959 साली कलकत्त्यात त्यांनी कॉमनवेल्थचा किताब घेतला. 1968 साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवले. 1983 साली त्यांनी कुस्ती सोडली.

आता एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. अशा धंदेवाईक कुस्त्यांत पुष्कळदा निकाल आधीच ठरलेला असे. त्याला आपण 'नुरा कुस्ती' म्हणतो. माझ्या शाळेतल्या एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, मग ते सगळं खोटंच का?" त्या दिवशी मी उत्तर टाळले. मला दारासिंग फार आवडत. आवडत्या माणसाविषयी असे बोलायला जीभ वळेना.

मुलाला गप्प बसवले, ही माझी चूकच झाली. उत्तर आज देतो. नाटकातला राजा खरा राजा नसतो. पण नटाची मेहनत खरी असते. निकाल ठरवता येतो, वजन ठरवता येत नाही. दोन-तीन माणसांच्या वजनाचा गडी उचलायचा, तर अंगात ताकद लागतेच. गादीवर आपटले की हाडे दुखतातच. तेव्हा तो खेळ खेळ म्हणून बघावा. मात्र आपल्या आखाड्यात इनामाची कुस्ती कोणी पैसे घेऊन सोडली, तर ती फसवणूक आहे. हा फरक पोरांना समजावून सांगा.

दारासिंग सिनेमातही गेले. 1962 साली 'किंग काँग' नावाचा त्यांचा बोलपट आला. पण घराघरांत पोचले ते 1987 साली, दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेतला हनुमान होऊन. तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. त्या काळी गावात टीव्ही एखादाच. रविवारी सकाळी सारी आळी त्या घरी जमे. पडद्यावर हनुमान आला, की बायाबापड्या हात जोडीत. आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "मारुतीराय असाच असणार बघा!"

त्यांना असे का वाटले? आपल्या प्रत्येक तालमीत मारुती असतो. त्याला नमस्कार केल्याशिवाय मल्ल मातीत उतरत नाही. मारुती हे पहिलवानाचे दैवत. म्हणून पहिलवानच मारुती झाला, हे लोकांना पटले.

2003 साली राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. 12 जुलै 2012 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शेवटचे सांगतो. दारासिंगांनी आपली जीवनकथा पंजाबीत लिहून ठेवली. हे मला सगळ्यांत मोलाचे वाटते. बळ वयाबरोबर ओसरते. कुस्ती घटकेत संपते. लिहिलेले मात्र राहते.

आपल्या गावातही जुने मल्ल आहेत. त्यांचे वस्ताद कोण, खुराक काय, कुठले मैदान मारले, हे त्यांनाच ठाऊक. ते गेले की सगळे गेले. तुम्हाला आता लिहिता येते. एकेकाने एका म्हाताऱ्या मल्लाकडे जा. त्यांना बोलते करा आणि चार ओळी वहीत उतरून आणा. पुढच्या वर्गात आपण त्या मोठ्याने वाचू.