खजिनदारांचे वाडे



‘किल्ला’ हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो काळा कातळ, त्यावरची तटबंदी, चढणीवरचा महादरवाजा आणि खडकात खोदलेले पाण्याचे टाके. गेल्या वर्षी मे महिन्यात मी सहकुटुंब फ्रान्सला गेलो, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने हेच चित्र मनाशी बाळगले होते. आदल्या हिवाळ्यात तो रायगड चढून आला होता. फ्रान्सचे किल्ले पाहायला जायचे म्हटल्यावर त्याने चढणीचे बूट मुद्दाम बरोबर घेतले. पण पॅरिसहून वेगवान रेल्वेने तासा-सव्वातासात आम्ही तूर या गावी पोहोचलो, मोटार भाड्याने घेऊन लवार नदीच्या खोऱ्यात हिंडू लागलो आणि त्याची पुरती निराशा झाली. तेथे चढण नव्हती, कडे नव्हते. सपाट हिरवा मुलूख, संथ नद्या आणि त्यांच्या काठी पांढऱ्या दगडाचे, निळसर पाटीच्या उतरत्या छपरांचे देखणे महाल, एवढेच होते.

दोष त्याचा नव्हता; शब्दाचा होता. फ्रेंच भाषेत ‘शातो’ हा शब्द लढाऊ गढीलाही लावतात आणि सरदाराच्या खेड्यातील प्रासादालाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या काळात, या प्रदेशातील तटबुरुजांचे लढाऊ काम संपत आले होते. इटलीच्या स्वाऱ्यांवरून परतलेल्या फ्रेंच मंडळींनी तिकडची नवी शिल्पकला डोळ्यांत साठवून आणली होती. बुरुज राहिले, खंदक राहिले. पण बुरुज शोभेचे झाले आणि खंदकात आकाशाचे प्रतिबिंब पडू लागले. आपण त्यांना किल्ले न म्हणता वाडे म्हणावे, हे अधिक बरे.

आम्ही पाहिलेला पहिला वाडा आझे-ल-रिदो येथील. आंद्र नावाच्या लहानशा नदीच्या दोन प्रवाहांमध्ये तो उभा आहे. त्याच्या दर्शनी भागी सरळ चढत जाणारा, कमानींतून बाहेर डोकावणारा जिना आहे. गोल फिरणाऱ्या जिन्यांची सवय असलेल्या त्या काळच्या फ्रेंच माणसाला तो नवलाचा वाटला असेल. जिन्यावर ठळकपणे कोरले आहे ते राजाचे बोधचिन्ह, सॅलमँडर नावाचा सरड्यासारखा प्राणी. वाडा मात्र राजाचा नव्हता. तो बांधला जिल बेर्तलो या राजाच्या अर्थखात्यातील बड्या अधिकाऱ्याने. १५१८ च्या सुमारास काम सुरू झाले, आणि त्याची देखरेख मुख्यतः त्याची पत्नी करीत होती. १५२७ मध्ये राजाने आपल्या हिशेबनिसांची झाडती घेतली. बेर्तलोचा आप्त सांब्लांसे हा राजाचा प्रमुख अर्थाधिकारी. त्याला पॅरिसबाहेर फाशी देण्यात आले. बेर्तलो पळून गेला आणि परदेशात वारला. वाडा अपुराच राहिला. पुढे राजाने तो जप्त करून आपल्या शरीररक्षक दलाच्या एका कप्तानाला बहाल केला.

ही हकिकत मी मुलांना सांगत असता धाकट्याने विचारले, “बाबा, त्याचा पगार किती होता?”

सरकारी हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय आहे. असा प्रश्न माझ्या मुलाने विचारावा, याचे मला कौतुक वाटले. परंतु उत्तर सोपे नव्हते. त्या काळी राजाची तिजोरी आणि खजिनदाराचा खिसा यांच्यामध्ये पक्की भिंतच नव्हती. राजाला युद्धासाठी रोकड आज हवी असे. कराचा वसूल सावकाश येई. मधल्या काळात अधिकाऱ्याने स्वतःच्या नावावर कर्ज उभारून राजाची गरज भागवायची आणि पुढे वसूल आला की त्यातून आपली रक्कम व्याजासह फेडून घ्यायची, अशी वहिवाट होती. खुद्द सांब्लांसेचे राजाकडे मोठे येणे होते. अशा कारभारात चोरी कोठे सुरू होते आणि सेवा कोठे संपते, हे सांगणे कोणत्याही तपासनिसाला अवघड गेले असते. फाशी देणे मात्र सोपे होते, कारण त्यामुळे राजाचे कर्जही हलके होई.

दुसऱ्या दिवशी आम्ही शनोंसो येथे गेलो. शेर नदीवर पुलासारखा पसरलेला हा वाडा चित्रांतून बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या संबंधात राजस्त्रियांची नावे घेतली जातात. दुसऱ्या हेन्रीची प्रिया दियान द प्वातिए हिने नदीवर पूल बांधविला; हेन्रीच्या मृत्यूनंतर त्याची राणी कातरीन द मेदिची हिने तिच्याकडून वाडा काढून घेतला आणि त्या पुलावर साठ मीटर लांबीचे दालन चढविले. दोघींच्या दोन बागा वाड्याच्या दोन अंगांना आजही एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या दिसतात. माझी पत्नी तेथील स्वयंपाकघरात रमली. ते नदीतल्या खांबांच्या पोटात आहे. तांब्याची भांडी ओळीने टांगलेली आहेत आणि खिडकीखालून पाणी वाहते.

पण मूळ वाडा कोणाचा? तोमा बोइए याचा. आणि हा बोइएही राजाच्या अर्थखात्यातलाच! १५१३ मध्ये त्याने ही जागा घेतली, जुनी गढी पाडली आणि पाणचक्कीच्या पायावर नवे घर उभे केले. तो लढायांच्या निमित्ताने इटलीत असे, म्हणून बांधकाम पाहिले त्याच्या पत्नीने, कातरीन ब्रिसोने हिने. हे काम पुरे झाले तर माझी आठवण राहील, अशा अर्थाचे वचन बोइएने तेथे कोरून घेतले आहे. काम पुरे झाले. पण १५२४ मध्ये तो इटलीत वारला, दोन वर्षांनी पत्नीही गेली, आणि मृत्यूनंतर त्याच्या हिशेबांची तपासणी होऊन राजाचे मोठे देणे निघाले. ते फेडण्यासाठी १५३५ मध्ये मुलाला वाडा राजाच्या हवाली करावा लागला.

पुढे या वाड्याला चांगले दिवसही आले. पहिल्या महायुद्धात तत्कालीन मालकांनी पुलावरच्या त्या दालनाचे रुग्णालय केले, आणि दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर तेथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त प्रदेशाची सीमा होती. दालनाचा एक दरवाजा व्याप्त भूमीकडे तर दुसरा पलीकडच्या मोकळ्या मुलखात उघडत असे. आमची चौदा वर्षांची मुलगी त्या पलीकडच्या दारात बराच वेळ उभी राहिली.

तिसरा वाडा व्हिलाँद्रीचा. तोही, आता आपण ओळखले असेल, एका अर्थाधिकाऱ्यानेच बांधला. जाँ ल ब्रतों हा पहिल्या फ्रान्स्वाचा सेवक. शांबोर येथील राजाच्या प्रचंड प्रासादाच्या बांधकामावर त्याची देखरेख होती. त्याच्यावर मात्र गदा आली नाही, आणि वाडा सुमारे दोन शतके त्याच्या वंशजांकडे राहिला. पण व्हिलाँद्रीला लोक जातात ते वाड्यासाठी नव्हे, बागेसाठी. आणि ती बाग खजिनदाराची नाही. मूळ बाग एकोणिसाव्या शतकात मोडून तेथे इंग्रजी धर्तीचे उपवन केले होते. १९०६ मध्ये जोआकीं कार्व्हालो या स्पॅनिश वैद्यक-संशोधकाने तो वाडा विकत घेतला आणि प्रयोगशाळा सोडून, अमेरिकन पत्नी अॅन कोलमन हिच्यासह, जुन्या पद्धतीची बाग पुन्हा उभी करण्यास स्वतःला वाहून घेतले. १९२४ मध्ये त्याने फ्रान्समधील ऐतिहासिक वाड्यांच्या खाजगी मालकांची संस्था स्थापन केली. असे वाडे लोकांसाठी खुले राहावेत, असा त्याचा आग्रह होता.

तेथील भाजीची बाग पाहण्याजोगी आहे. सारख्या आकाराचे नऊ चौकोन, प्रत्येकातील नक्षी निराळी, आणि नक्षी कशाची? तर कोबी, बीट, कांदा, सॅलड यांची. निळसर कोबीशेजारी लालसर बीट, कडेला सफरचंदाची बुटकी झाडे. वर्षातून दोनदा लागवड होते आणि जमिनीचा कस टिकावा म्हणून दरवर्षी पिकांच्या जागा बदलतात. पत्नी म्हणाली, “अहो, असा कोबी चिरायला हात धजायचा नाही.” मला मात्र दोन वाफ्यांमध्ये गुडघे टेकून बसलेला माळी दिसत होता. दगडाचा वाडा एकदा बांधला की दोन-तीन पिढ्या तरी उभा राहतो. या बागेचा हिशेब दर हंगामाला नव्याने मांडावा लागतो. येथे लपवाछपवी चालत नाही. पाणी चुकले तर आठवड्यात दिसते.

परतीच्या प्रवासात, पॅरिसच्या आग्नेयेस असलेला व्हो-ल-व्हिकोंत हा वाडा पाहण्याचा मी आग्रह धरला. चौदाव्या लुईचा वित्तमंत्री निकोला फुके याचा तो वाडा. शिल्पकार ल व्हो, चित्रकार ल ब्रं आणि उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्र या तिघांना एकत्र आणून त्याने तो १६५६ ते १६६१ या काळात उभारला. पायऱ्यांवर उभे राहिले की बाग एका दृष्टिक्षेपात संपूर्ण दिसते असे वाटते. टोकाचा हर्क्युलिसचा पुतळा अगदी जवळ भासतो. चालू लागले की तो पुढे पुढे सरकतो, आणि बरेच अंतर गेल्यावर अकस्मात पायांपुढे एक रुंद कालवा आडवा येतो. तो वरून मुळीच दिसलेला नसतो. ल नोत्रने उतार आणि लांबी-रुंदी अशा योजल्या आहेत की डोळा फसावा. माझ्या मनात आले, वरिष्ठांच्या गच्चीवरून पुष्कळ हिशेब असेच स्वच्छ आणि सपाट दिसतात. कालवा दिसायला पायीच जावे लागते.

१७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने येथे बावीस वर्षांच्या राजाला मेजवानी दिली. मोलिएरचे नवे नाटक झाले, आतषबाजी झाली. त्या वैभवाने राजाचा मत्सर जागा झाला अशी आख्यायिका आहे. परंतु फुकेला पकडण्याचा बेत त्याआधीच शिजला होता, असे इतिहासकार मानतात. ५ सप्टेंबर रोजी नाँत येथे दार्तान्याँने त्याला कैद केले. कोलबेअरने खटला रचला. गंमत अशी की, फुकेचा वरिष्ठ कार्डिनल माझारँ त्याच वर्षी मार्चमध्ये वारला तो त्याहून कितीतरी मोठी संपत्ती मागे ठेवून; आणि त्या संपत्तीची व्यवस्था पाहत होता हाच कोलबेअर. त्या संपत्तीवर खटला झाला नाही.

खटला तीन वर्षे चालला. ओलिव्हिए दोर्मसाँ या न्यायाधीशाकडे पुराव्याचा अहवाल मांडण्याचे काम होते. राजाला देहदंड हवा होता, हे उघड गुपित होते. दोर्मसाँने दोष दाखविले, परंतु देहदंडाइतका गुन्हा सिद्ध होत नाही असे सांगून हद्दपारीची शिफारस केली. डिसेंबर १६६४ मध्ये तेरा न्यायाधीशांनी हद्दपारीच्या, नऊ जणांनी देहदंडाच्या बाजूने मत दिले. राजाने शिक्षा कमी करण्याऐवजी वाढविली आणि फुकेला जन्मठेप दिली. दोर्मसाँची बढती तेथेच थांबली. वाड्यातील गालिचे, पुतळे आणि संत्र्याची झाडे राजाने नेली. ते तिन्ही कलावंतही नेले, आणि त्यांच्याकडून व्हर्सायचे वैभव घडविले.

कालव्याच्या काठी बसून हे सांगत असता धाकट्याने विचारले, “बाबा, तुमच्या कचेरीतल्या कोणाला असा वाडा बांधता येईल का?” आम्ही सारे हसलो. पण माझे हसणे पुरेसे प्रामाणिक नव्हते. वीस वर्षांच्या नोकरीत पगाराच्या मानाने फार मोठी असलेली घरे मी पाहिली आहेत. त्यांतील एखाद्या घरी बसून चहाही घेतला आहे, आणि काही विचारले नाही. उलट, वरून इशारा आला म्हणून एखाद्या कनिष्ठाचा लहानसा दोष फुगवून लिहिलेला शेराही माझ्या नजरेखालून गेला आहे. तेव्हाही मी गप्प राहिलो. दोर्मसाँने यांपैकी काहीच केले नाही. जेवढे होते तेवढेच त्याने लिहिले. हिशेबनिसाला याहून अवघड दुसरे काम नाही, हे मी त्या दिवशी मुलांपाशी कबूल केले.

फ्रान्सने पुढे हा धडा कागदावर उतरविला. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पंधरावे कलम असे की, प्रत्येक सार्वजनिक सेवकाकडून त्याच्या कारभाराचा जाब मागण्याचा समाजाला हक्क आहे. १८०७ मध्ये तेथे स्वतंत्र लेखा न्यायालयही स्थापन झाले. राजाने मागितलेला जाब आणि समाजाने मागितलेला जाब यांत फरक आहे. पहिला मर्जीने मागितला जातो, दुसरा नियमाने.

व्हो-ल-व्हिकोंतलाही माळ्यांनीच पुन्हा जिवंत केले. १८७५ मध्ये आल्फ्रेद सोमिए या साखर-कारखानदाराने मोडकळीस आलेला वाडा लिलावात घेतला आणि बाग पुन्हा लावली. आता ती सर्वांना खुली आहे.

“मग फुकेचे काय झाले?” मुलीने विचारले. मी सांगितले, आल्प्सच्या पायथ्याशी पिन्येरोल नावाचा किल्ला होता. जाड भिंती, पहारे, बंद खिडक्या. तेथे त्याला ठेवले. रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा तो तेथे कैदेत होता, आणि महाराजांच्या निधनाआधी काही दिवसच, मार्च १६८० मध्ये, तो तेथेच वारला.

धाकटा थोडा वेळ गप्प राहिला. मग आपल्या न वापरलेल्या बुटांकडे पाहत म्हणाला, “म्हणजे खरा किल्ला त्याला शेवटी मिळाला.”