‘दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?’

(सोलापुरातील एका आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण, किंचित संपादित)



सकाळपासून डोळ्यांवर, हृदयावर, किडनीवर डॉक्टर बोलले. पायांसाठी शेवटची पंधरा मिनिटं ठेवली आहेत, तीही जेवणाच्या आधीची. तक्रार करत नाही. पायांचा नंबर आपल्याकडे कायम शेवटीच लागतो.

मी नर्स आहे. बरीच वर्षं वॉर्डात काम केलं, आता एका क्लिनिकमध्ये फक्त पायांच्या जखमा बघते. या कामाकडे मी का वळले, ते आधी सांगते.

माझे अब्बा यंत्रमागावर होते. बारा-बारा तासांची पाळी, सगळी उभ्यानं, शहाबादी फरशीवर. पन्नाशीत साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. दर दोन-तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचं, रक्त द्यायचं, चिठ्ठी घ्यायची, घरी यायचं. चौदा वर्षं असं चाललं. त्या चौदा वर्षांत त्यांना एकदाही कोणी चप्पल काढून पाय टेबलावर ठेवायला सांगितलं नाही.

मग अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला कुरूप झालं. अब्बांनी मेडिकलमधून कुरुपावर लावायची पट्टी आणली. त्या पट्टीत आम्ल असतं, ते कातडी जाळतं. निरोगी माणसाला ते चुरचुरतं, मग तो पट्टी काढून टाकतो. अब्बांना काहीच जाणवलं नाही. पट्टीखाली जखम झाली, ती आत हाडापर्यंत गेली, आणि अब्बा त्याच पायावर बाजारात जात होते. दोन आठवड्यांनी अम्मी म्हणाली, खोलीत वास कशाचा येतोय?

आधी अंगठा काढला. महिन्याभरानं गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

त्या काळात मी रोज वॉर्डात दुसऱ्यांच्या जखमा बांधत होते. माझ्याच घरातला पाय मी पाहिला नव्हता. कधी बघायला गेलेच, तर अब्बा पाय ओढून घ्यायचे. मुलीनं बापाच्या पायाला हात लावायचा, हे त्यांना अवघड वाटायचं. मी पण जोर केला नाही. माझ्या हिंदू मैत्रिणींकडे उलट आहे, तिथे सणावाराला सगळे वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. पण पाया पडताना तळपाय कोण बघतं? म्हणजे दोन्हीकडे सारखंच.

अब्बांचं एक वाक्य होतं, ‘दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?’ आज मला फक्त या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

दुखणं हा शरीराचा पहारेकरी आहे. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, रात्री आग होते, आणि मग एक दिवस आग थांबते. माणसाला वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात पहारेकरी झोपलेला असतो. खिळा टोचला तरी कळत नाही, गरम पाण्यानं भाजलं तरी कळत नाही. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, तंबाखू आणि बिडी त्या आणखी अरुंद करतात. मग जखम भरायला जे रक्त लागतं, तेच पोचत नाही.

ही गोष्ट आपल्या देशातच नीट समजली. वेल्लोरला 1946 मध्ये डॉ. पॉल ब्रँड आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं सडून गळतात, असं तेव्हा सगळे मानत. त्यांच्या लक्षात आलं, की दुखणं कळत नाही म्हणून हे लोक जखमेवरच चालत राहतात आणि पाय त्यामुळे जातो. मग तिथे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला तयार झाल्या. त्याच एमसीआर चपला आज मधुमेहाच्या रुग्णांना दिल्या जातात. कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकवलेलं आज साखरेच्या रुग्णांना उपयोगी पडतं आहे.

आता पायाचे डॉक्टर करतात काय? परदेशात त्यांना पोडिआट्रिस्ट म्हणतात. ब्रिटनमध्ये मधुमेह असलेल्या माणसाचे पाय नियमितपणे तपासायचे, अशी पद्धत आहे. आपल्याकडे असे खास पायाचे तज्ज्ञ फार थोडे. त्यांचं काम सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि माझ्यासारख्या नर्स मिळून करतात.

आमच्याकडे रुग्ण आला की आधी दोन्ही पाय उघडे करतो. बोटांच्या बेचक्या, टाचा, नखं बघतो. मग मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा एक धागा असतो, तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. दहा ग्रॅमइतकाच दाब पडतो. रुग्णानं डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. ज्या जागी तो गप्प राहतो, ती जागा धोक्याची. मग घोट्याजवळची नाडी बघायची, शंका आली तर घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजून ताडून बघायचं. तपासणी काही मिनिटांची आहे. अब्बांची ती चौदा वर्षांत झाली नाही.

जखम असेल तर मेलेली कातडी काढतो, जंतुसंसर्ग असेल तर औषध देतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या जागेवरचा भार काढतो. प्लास्टर घालून किंवा खास बूट देऊन वजन दुसरीकडे वाटून देतो. मलम कितीही भारी आणा, त्याच जखमेवर उभे राहिलात तर ती भरणार नाही.

साखर नसलेल्यांनीही कान बंद करू नका, तुमच्या तक्रारी आता घेते.

कुरूप आणि घट्टे दाबामुळे होतात. आम्ही ते तासून काढतो, पण दाब कशाचा हे शोधतो. चप्पल तीच ठेवली तर कुरूप परत येतं. आणि ब्लेडनं घरी कापू नका, न्हाव्याकडूनही नको.

नख रुततं, कारण आपण त्याचे कोपरे गोल आणि खोल कापतो. नख सरळ कापा. वारंवार रुतत असेल तर भूल देऊन नखाची कडेची पट्टी काढतात आणि मुळाशी फिनॉल लावतात, म्हणजे ती कड पुन्हा वाढत नाही.

चिखल्या ही बुरशी आहे. ओल्या बेचकीत ती वाढते. मलम लावा, आणि खाज थांबली म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करू नका, डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण करा.

टाचांच्या भेगांना कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून वजरीनं हलकं घासा, रात्री व्हॅसलीन लावा. साखर असेल तर पाय भिजत ठेवू नका, आणि बोटांच्या मधे तेल-व्हॅसलीन नको.

सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ही तक्रार मागावरच्या माणसांची आणि ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायांची. तळव्याखालचा पडदा ताणलेला असतो. उठण्याआधी टॉवेल चवड्याला अडकवून आपल्याकडे ओढा, पोटरीचे ताण द्या, घरातही मऊ चप्पल घाला. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं, फक्त काही महिने धीर धरावा लागतो.

आता थोडं आपल्या घरातलं. वजूच्या निमित्तानं आपण दिवसातून अनेकदा पाय धुतो, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवतो. म्हणजे पाय बघायची संधी रोज समोर येते. फक्त दोन गोष्टी जोडा. धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसा. आणि थंडीत गरम पाणी घेताना ते आधी कोपरानं किंवा दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, पायानं नको. जखमेवर पट्टी असेल तर ती भिजवू नका. पट्टीवरून ओला हात फिरवण्याची सवलत आहे, आपल्या मौलानांना विचारून खात्री करा. मे महिन्यात मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाणाऱ्यांच्या, वारीत अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याला फोड येतात. ज्यांची संवेदना गेली आहे त्यांना ते घरी आल्यावर कळतं, कधी कळतही नाही. अशांनी निदान सुती मोजे घालावेत.

भगिनींना वेगळं सांगते. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा तुम्हाला पाठ असतात. स्वतःचे पाय दाखवायला मात्र लाज वाटते. आमच्याकडे बाया मोजे काढताना आधी माफी मागतात, ‘सिस्टर, पाय घाण आहेत’ म्हणून. मला घाण पाय चालतात. उशिरा आलेले पाय बघवत नाहीत.

तेव्हा दोनच गोष्टी करा. आज रात्री खाटेवर बसून, खाली आरसा ठेवून आपले तळवे बघा. दिसत नसेल तर मुलाला, सुनेला, नवऱ्याला बघायला सांगा, आणि त्यांनी बघायला घेतले तर पाय ओढून घेऊ नका. दुसरं, साखरेच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता खुर्चीवर बसल्याबरोबर चपला काढा आणि म्हणा, ‘माझे पाय बघा.’ एकानं म्हटलं तर ती विनंती होते, रांगेतल्या सगळ्यांनी म्हटलं तर दवाखान्याची पद्धत बदलते.

जेवणानंतर मी शेजारच्या खोलीत तो नायलॉनचा धागा घेऊन बसणार आहे. ज्यांना पाच वर्षांपेक्षा जास्त साखर आहे, त्यांनी आधी या. आणि आत्ता बाहेर जाताना चप्पल पायात घालण्याआधी एकदा उलटी करा, आतून हात फिरवा. खिळा वर आला असेल तर तो हाताला लागलेला बरा.