जुनी सायकल आणि मागचं चाक



मी केडगावचा. म्हणजे आपल्या नगरच्या, रेणुकामातेच्या केडगावचा. दौंडजवळ पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आहे, ते वेगळं. हा खुलासा आधीच करून ठेवतो, पुढे तो लागणार आहे. नागापूरच्या एमआयडीसीत मी फिटर आहे. घरापासून कारखाना बारा किलोमीटर, जाऊन-येऊन चोवीस. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की मोटारसायकल घरी ठेवायची आणि हे अंतर सायकलवर काढायचं.

मला हवी होती रोड सायकल. खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, एका हाताने उचलता येईल अशी. नवी घ्यायची तर माझा दीड महिन्याचा पगार गेला असता. जुनी मात्र आता सहज मिळते. गेल्या दहा-बारा वर्षांत या सायकली आपल्याकडे बऱ्याच आल्या. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ नावाची, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. आपल्याच भागातली माणसं हे करतात म्हटल्यावर कितीतरी तरुणांनी सायकली घेतल्या. २०२० च्या टाळेबंदीनंतर आणखी घेतल्या गेल्या. काहींनी त्या चालवल्या, काहींच्या गॅलरीत उभ्या राहिल्या. त्याच आता विकायला निघतात.

माझी सायकल पुण्यात शिक्षण संपवून गावी निघालेल्या एका मुलाची. मुलगा सरळ होता, बिल घेऊनच बसला होता. सायकल उलटी केली की पायडलच्या दांड्याखाली फ्रेमचा नंबर दिसतो. तो बिलाशी जुळवून पाहिला. बिल नसेल आणि नंबर घासलेला असेल, तर ती सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. कुणाच्या तरी दारातून ती उचललेली असू शकते.

आयटीआयचा माणूस मी, मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. सुतळी आणि पोलादी पट्टी बरोबर नेली होती. सुतळीचं एक टोक मागच्या चाकाच्या खाचेला बांधलं, हँडलखालच्या नळीला पुढून वळसा घातला आणि दुसरं टोक पलीकडच्या खाचेला ताणून बांधलं. मग सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजलं. दोन्हीकडे सारखं भरलं, म्हणजे फ्रेम सरळ. हँडलखाली तिरकी नळी जोडलेली असते, तिथे खालच्या बाजूने टॉर्च मारला. पुढून धडक बसलेली असली तर रंगाला सुरकुती नाहीतर केसाएवढी चीर तिथेच सापडते. चेन मोजली. चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंचांत बसायला हव्यात. त्या एक सूत लांबल्या की चेन बदलायला झाली, आणि तिने चक्रांचे दातेही खाल्ले असण्याची शक्यता मोठी. इथे पाव सूतही वाढ नव्हती.

साडेअकरा हजारांत सौदा ठरला. एसटीच्या डिकीत घालून सायकल घरी आणली. चाकं मात्र मी नुसती उभ्या-उभ्या पाहिली होती. फिरतात, टायर बरा आहे, बस. माझी चूक झाली ती इथे.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी पुणे रस्त्याने सुप्याकडे निघालो होतो. कामरगावजवळ चढावर मागे टण्णकन आवाज झाला आणि चाक ब्रेकला घासू लागलं. एक स्पोक तुटला होता. ब्रेकवरची खिट्टी सैल केली, तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली आणि हळूहळू परत आलो.

केडगावात देवीच्या रस्त्याला सायकलची एक जुनी टपरी आहे. पत्र्याचं छप्पर, पंक्चर पाहायचं घमेलं, दोरीला ओवलेल्या जुन्या रिमा. तिथल्या मामांचं वय पासष्टच्या पुढे. त्यांनी तुटकी तार हातात घेतली आणि कोपराशी तुटलेलं टोक उन्हात धरून पाहिलं. “ओढून तुटली नाही भाऊ,” ते म्हणाले, “दमून तुटली. आणखी तुटतील.”

हे ‘दमणं’ समजावून सांगितलं पाहिजे. बैलगाडीचं चाक लाकडी आऱ्यांवर उभं असतं. जमिनीकडचा आरा गाडीचा भार पेलतो. सायकलची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर तसा भार दिला तर ती वाकून जाईल. म्हणून सायकलच्या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात आणि त्या ताणावर चाक उभं राहतं. तार जमिनीकडे आली की जराशी ढिली होते, वर गेली की पुन्हा ताणते. माझ्या चाकाचा घेर २.१ मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४७५ फेरे आणि कारखान्याच्या एका जाण्या-येण्यात अकरा हजारांवर. ताण पुरेसा असेल तर तारेला याचं काही वाटत नाही. चाक ढिलं पडलं असेल, तर हबच्या भोकात ज्या कोपराशी ती वाकलेली असते, तिथे ती दर फेऱ्याला हिसका खाते. वरून ती नव्यासारखी चकाकत असते, आत मात्र चीर वाढत जाते. जुन्या काळ्या सायकलला मागे ४० आणि पुढे ३२ तारा असतात. माझ्या सायकलला मागे २८ आणि पुढे २४. एक गेली की उरलेल्यांवर किती येतं ते बघा.

मागच्या चाकात उजवीकडच्या तारा आधी तुटतात. गिअरच्या चक्रांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. त्या बदलायच्या तर चक्रांचा संच काढावा लागतो आणि त्याची चावी वेगळी. मामांकडे ती नव्हती. मी मागवली आणि त्यांच्याच टपरीवर ठेवून दिली. महिन्याभरात तिचा तीन वेळा उपयोग झाला. तिसऱ्या वेळी मामांनी डिझेलच्या फडक्याने रिम पुसली आणि मला जवळ बोलावलं. जिथे तारेचं निपल रिममध्ये बसतं, त्या भोकांभोवती बारीक काळ्या रेघा होत्या. एका भोकाला, दुसऱ्याला, मग चौथ्याला. रिमच चिरत चालली होती. “एक तुटली तर तार बदलायची,” मामा म्हणाले, “तीन तुटल्या तर चाक बघायचं.”

नवी रिम हवी होती. नगरला सायकलच्या दुकानात गेलो आणि तिथे आकड्यांचा घोळ झाला. माझ्या टायरवर ७०० गुणिले २८ लिहिलेलं. दुकानदाराने ‘अठ्ठावीस’ ऐकून काळ्या सायकलची २८ इंची रिम पुढे केली. त्यांची चूक नव्हती. काळ्या सायकलचं २८ म्हणजे इंच, टायरच्या बाहेरच्या घेराचा व्यास. रोड सायकलचं २८ म्हणजे मिलिमीटर, टायरची रुंदी. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास मोजला तर काळ्या सायकलचा ६३५ मिलिमीटर भरतो आणि रोड सायकलचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, एकाचा टायर दुसऱ्याला बसणं अशक्य. म्हणून दुकानात जाताना टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत छापलेला ६२२ हा आकडा सांगावा. तारा मागवतानाही तसंच. कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजायचं, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या. माझ्या चाकात उजवीकडच्या तारा डावीकडच्यांपेक्षा दोन मिलिमीटर आखूड निघाल्या.

रिम आणि तारा पुण्याहून पार्सलने मागवल्या. पार्सल गेलं दौंडजवळच्या केडगावला. आठ दिवस गेले त्यात. तालुका आणि पिनकोड ठळक लिहा, आपल्या गावच्या सगळ्यांनाच हे सांगणं आहे.

काळ्या सायकली बनवणाऱ्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता. तरी अॅटलसला चालणारे कोन, छर्रे, तारा आजही मामांच्या टपरीवर मिळतात, कारण त्या काळ्या सायकलची मापं पिढ्यान्‌पिढ्या बदलली नाहीत. रोड सायकलचं तसं नाही. मागच्या हबची रुंदी, ब्रेकची तऱ्हा, किती चक्रं, सगळं दर काही वर्षांनी बदलतं. म्हणून जुनी रोड सायकल घेताना किमतीत एका मागच्या चाकाचा खर्च मनातल्या मनात मिळवून बघा. तरी परवडत असेल तर घ्या.

पार्सल आल्यावर मामांनी चाक बांधलं. अडीच तास मी समोर पोत्यावर बसून होतो. तारा ओवून झाल्या, निपलांना दोन-दोन आटे दिले. मग सायकल हँडल आणि सीटवर उलटी उभी केली, चाक तिच्यात बसवलं आणि आउट, म्हणजे रिमचं वाकडेपण, काढायला घेतला. खडूचा तुकडा चिमट्याला टेकवून रिमजवळ धरला. चाक फिरलं की रिम जिथे उजवीकडे येते तिथे खडूची रेघ उठते. तिथली डावी तार पाव आटा घट्ट, शेजारची उजवी पाव आटा सैल. पुन्हा फिरवायचं. रेघ आखूड होते. मग वर-खाली उडी आहे का ते पाहायचं. मधेच त्यांनी डोळे मिटले आणि बोटाच्या नखाने एकेक तार छेडत गेले. उजव्या बाजूचा आवाज चढा, डाव्या बाजूचा खालचा, पण त्या-त्या बाजूचा एकसारखा. एक तार बद्द वाजली. चावी तिच्यावर गेली, पाव आटा, पुन्हा नख. आता ती बाकीच्यांसारखी वाजली. शेवटी दोन-दोन तारा मुठीत धरून जोराने दाबल्या, सगळ्या चाकभर. आत किट्-किट् असे आवाज आले. “हे आत्ता इथे होऊ द्यायचं,” ते म्हणाले, “रस्त्यावर नको.” मग परत एकदा आउट पाहिला.

रोड सायकलचं चाक त्यांनी त्याआधी कधी बांधलं नव्हतं. काळ्या सायकलींची हजारो बांधली होती. कसब तेच, मापं नवी. ती मापं आपण नेऊन द्यायची.

आता पंक्चरबद्दल. आपल्या भागात रस्त्याच्या कडेला सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे, आणि हमरस्त्यावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक पोलादी तारा. सराट्याच्या वेलीला अमेरिकेत ‘पंक्चर व्हाइन’ म्हणतात, इतका त्याचा लौकिक. पंक्चर काढताना ट्यूबवर भोक कुठे आहे ते आधी बघा. बाहेरच्या अंगाला एकच असेल तर काटा. शेजारी-शेजारी दोन असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. ती नीट केली नाही तर उद्या पुन्हा तिथेच पंक्चर. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा आत राहिला असेल तर कापूस तिथे अडकतो. आणि बहुतेक रोड सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक असतो, पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीला तो बसत नाही. मधे लावायची पितळी टोपी मिळते, ती खिशात असू द्या.

जुनी सायकल बघायला जाल तेव्हा सुतळी, पट्टी नेलीत तर उत्तमच. पण आधी चाक उचला आणि हाताने फिरवा. ब्रेकच्या रबराशी नजर ठेवा. रिम डावी-उजवी किती जाते ते दिसेल. दोन-दोन तारा चिमटीत दाबून पाहा, एखादी लेचीपेची लागते का. निपलांच्या भोकांभोवती फडकं मारा. जिथे ब्रेक रिमवर घासतो तिथे बोट फिरवा. खोलगट लागलं तर रिम झिजली. दहा मिनिटांचं काम आहे. विकणारा खरा असेल तर तो थांबेल.

चाक बांधायचे मामांनी माझ्याकडे दीडशे रुपये मागितले. अडीच तास, अठ्ठावीस तारा आणि चाळीस वर्षांचा कान, दीडशे रुपये. मी पाचशे दिले आणि ते घ्यायला त्यांना फार वेळ विनवावं लागलं. त्यांचा मुलगा मोटारसायकलच्या गॅरेजात लागला आहे, नातवाला या कामाची आवड आहे. पण आउट काढून पोट भरत नाही हे त्या पोरालाही दिसतं. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या भागातल्या सायकलवाल्याकडे जा, आणि चाकाच्या कामाची मजुरी घासाघीस न करता द्या.