गाजराचे फूल



लग्न ठरले की रुखवताची बोलणी सुरू होतात. रुखवत झोकात हवे म्हणून कोणी कर्जही काढतो. लग्न एका दिवसाचे, व्याज मात्र किती वर्षांचे!

आज आम्ही तुम्हाला दूरची एक गोष्ट सांगतो. जपान देशात भाजी कोरून तिची फुले करतात. या कलेला मुकिमोनो म्हणतात. सन १६०३ ते १८६८ या एदो काळात ती भरभराटीला आली. तिथला आचारी मुळ्याचा जाड तुकडा एका हातात धरतो, दुसऱ्या हातात सुरी. मुळा फिरवीत फिरवीत तो कागदासारखी पातळ, लांब पट्टी सोलतो. पट्टी मध्ये तुटत नाही. असा हात बसायला वर्षे लागतात.

आम्हाला आधी वाटले, ही तर अन्नाची नासाडी! पण तसे नाही. कोरलेले गाजर ताटात वाढतात आणि खातातही.

आपणही करून पाहू. गाजराची बोटाएवढी जाड चकती घ्या. कडेला सारख्या अंतरावर पाच खाचा पाडा. दोन खाचांमधली कड गोल तासा. झाले पाच पाकळ्यांचे फूल! ते थंड पाण्यात ठेवा. उरल्या तुकड्यांची कोशिंबीर करा.

खोबऱ्यावर, सुपारीवर नक्षी करणे आपल्या बायांना नवे नाही. मग भातसेकाठचा मुळा का नको? रुखवताची शोभा हाताने वाढते, कर्जाने नाही. लेकीचा संसार सावकाराच्या वहीत सुरू होऊ देऊ नका.