फोनवरचा विमा : पावतीशिवाय पैसा नको
(मलकापूर, ता. कराड येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ऊस, सोयाबीन आणि भाजीपाल्यावर बोलण्यासाठी मी अनेकदा आपल्यासमोर उभा राहिलो. आज विषय पिकाचा नाही, पण पिकातून आलेल्या पैशाचा आहे. फोनवरून आरोग्य विम्याच्या नावाखाली होणारी फसवणूक हा तो विषय. यात फसलेल्यांपैकी मी स्वतः एक आहे, तेव्हा दुसऱ्याची गोष्ट न सांगता माझीच सांगतो.

फसवणूक कशी झाली?

पत्नीचा आणि माझा मिळून आरोग्य विमा होता. दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. मुदत संपायला चार दिवस असताना दुपारी फोन आला. समोरच्याने माझे पूर्ण नाव, पॉलिसीची तारीख आणि हप्त्याची रक्कम बरोबर सांगितली. मग म्हणाला, "काका, आज संध्याकाळी पाचच्या आत भरले तर जुना बोनस मिळेल. उद्या पॉलिसी बंद पडेल." मी पाणी धरायला निघालो होतो, मोटार चालू होती. घाईत त्याने पाठवलेल्या क्रमांकावर मोबाइलवरून २१,६०० रुपये भरले. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. विचारले तर म्हणाला, "ते आमच्या वसुली अधिकाऱ्याचे खाते आहे." मला ते पटले! दुसऱ्या दिवशी जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क म्हणून आणखी ३,९०० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी बोनस सोडवण्यासाठी ८,००० मागितले, तेव्हा शंका आली. तोवर २५,५०० रुपये गेले होते.

पण खरे नुकसान पुढेच आहे. लाजेपायी मी कोणाला बोललो नाही. खऱ्या कंपनीकडे एक रुपयाही पोचला नव्हता. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, ती मी गप्प बसण्यात घालवली. पॉलिसी खंडित झाली आणि पुढच्याच महिन्यात पत्नीला दवाखान्यात दाखल करावे लागले. ते बिल उसाच्या पैशातून भरले. नवी पॉलिसी घेतली तेव्हा जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. हा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणजे चोराने पैसे नेले आणि माझ्या गप्प बसण्याने संरक्षण गेले.

शिकलेला माणूस का फसतो?

आपली माहिती त्याच्याकडे असते, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो. माहिती असणे आणि अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो. दुसरे कारण घाई. तिसरे कारण लोभ, मग तो बोनसचा असो की सवलतीचा. काही वर्षांपूर्वी शेजारच्या वाळवा तालुक्यातून कडकनाथ कोंबडीच्या धंद्याने राज्यभरातील शेतकऱ्यांना ओढले. पिल्ले द्यायची आणि अंडी, पक्षी चढ्या भावाने परत घ्यायचे, असा तो करार होता. २०१९ मध्ये खरेदी थांबली आणि तक्रारी पोलिसांत गेल्या. तिथे कार्यालय होते, कागद होते, तरीही लोक बुडाले. फोनवर तर फक्त आवाज असतो.

खरे-खोटे कसे ओळखावे?

बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल व लॉट नंबर पाहतो, पक्की पावती घेतो. विम्यालाही हाच नियम लावावा.

१) आलेल्या फोनवर हप्ता कधीही भरू नये. फोन ठेवावा आणि जुन्या पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

२) पैसे फक्त कंपनीच्या नावावर भरावेत. व्यक्तीचे नाव दिसले की तिथेच थांबावे.

३) २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तो मागणारा लबाड समजावा.

४) विमा नियामक प्राधिकरण (आयआरडीएआय) स्वतः विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. त्याच्या नावाने असा फोन आला तर तो खोटाच.

५) पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कोणालाही सांगू नये.

६) नवी पॉलिसी हाती आली की नीट वाचावी. न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते.

सरकारी योजनेच्या नावाने येणारे फोन

"तुमचे पाच लाखांचे कार्ड मंजूर झाले, ५०० रुपये भरा," असेही फोन येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणीचा हप्ता नाही. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली आणि संरक्षण दीड लाखांवरून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवले गेले. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटावे किंवा १५५३८८ वर विचारावे.

फसल्यावर काय करावे?

पहिला तास मोलाचा. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळले तर ते गोठवता येतात. त्याच वेळी बँकेलाही कळवावे. आपणच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिले. म्हणजे उशिराची किंमत आपणच मोजतो. फोन क्रमांक, संदेश आणि व्यवहार क्रमांक पुसू नयेत. त्यानंतर खऱ्या विमा कंपनीला विचारून पॉलिसी चालू आहे का, याची त्याच दिवशी खात्री करावी. माझी चूक इथेच झाली. विमा कंपनीविरुद्ध तक्रार असल्यास आयआरडीएआयचा १५५२५५ हा क्रमांक आहे. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते.

मित्रहो, हे मलकापूर गाव चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर यामुळे राज्यभर माहीत झाले. इथल्या माणसाला मी काय सांगावे? पाणी मोजून घेता, तसा फोनवरचा शब्दही मोजून घ्या. आज घरी गेल्यावर दोन कामे करा. विम्याच्या कागदावरचा खरा क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरात लिहा आणि शेजारी १९३० लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांनाही तो दाखवा.

आणि कोणी फसलाच, तर त्याला हसू नका. मला हसतील या भीतीने मी महिनाभर गप्प बसलो आणि दवाखान्याचे बिल त्या भीतीपायी भरले. फसलेल्याला धीर द्या आणि लगेच फोन लावायला सांगा.