दाराआड एकच रुग्ण

(मंडळाच्या गणेशोत्सवात कोइम्बतूर येथे दिलेल्या आरोग्य व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आजचा विषय सगळ्यांच्या परिचयाचा आहे: दवाखान्यातली गर्दी. टेबलाजवळ एकाची नाडी पाहणे चालू असते, दुसरा स्टुलावर बसलेला, तिसरा रिपोर्ट पुढे करून उभा, आणि दारातून चौथा डोकावतो. डॉक्टर चौघांशी एकदम बोलत असतात. वेळ वाचतो, असे आपण समजतो.

‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांतील तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. एका रुग्णाला डॉक्टरांकडून सरासरी मिळणारा वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे निघाला. आपला देश बांगलादेशाच्या बाजूला आहे, हे सांगायला नको. इतक्या थोड्या वेळात चौघे एकदम असतील तर काय राहून जाते? खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या कामासाठी इकडे आलेला आपला बांधव खोकल्याचे औषध घेऊन जातो, पण दिवसभर तेजाबाच्या वाफेत काम करतो हे त्याला कोणी विचारत नाही. भगिनी अंगावरून जाण्याची तक्रार परक्या पुरुषांसमोर सांगत नाही, ‘अशक्तपणा आहे’ एवढेच म्हणते. शिवाय दोन जाधव एकाच वेळी खोलीत असले, तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती जायला कितीसा वेळ लागतो?

तरीही रुग्ण जास्त आणि डॉक्टर कमी, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय याच तमिळनाडूत सापडतो. मदुराईला १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झालेली होती. पुढे १९९७ साली आपल्या कोइम्बतूरलाही त्यांची शाखा आली. तिथे एका शस्त्रक्रिया-तज्ज्ञाजवळ दोन टेबले असतात. एका टेबलावर मोतीबिंदू काढणे चालू असताना परिचारिका दुसऱ्यावरच्या रुग्णाची तयारी करून ठेवतात. खेड्यापाड्यातील मुलींना शिकवून नंबर तपासणे, डोळ्याचा दाब पाहणे, माहिती लिहून घेणे ही कामे त्यांच्याकडे दिलेली आहेत. म्हणजे रुग्णालयात एकाच वेळी शेकडो माणसे निरनिराळ्या टप्प्यांवर असतात, पण डॉक्टरांचे हात आणि नजर एका वेळी एकाच डोळ्यावर असते. गर्दी टप्प्यांत वाटावी, डॉक्टरांचे लक्ष वाटू नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

लहान दवाखान्यालाही हे जमते. माझ्या सहकाऱ्यांसाठी काही सूचना करतो.

१. वजन, ताप, रक्तदाब, चालू औषधे आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे रुग्ण आत येण्यापूर्वीच मदतनीसाने कागदावर लिहावे. शक्य असल्यास तपासणीच्या दोन खोल्या ठेवाव्यात. एकीत रुग्ण कपडे सावरत असताना डॉक्टर दुसरीत जाऊ शकतात.

२. ‘तुम्ही जाधव ना?’ असे विचारू नये. घाईत कोणीही मान डोलावतो. पूर्ण नाव आणि वय रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यावे, मगच फाइल उघडावी. औषध देणाऱ्यानेही तेच करावे.

३. नुसते रिपोर्ट दाखवणारे आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी यांना वेगळी वेळ द्यावी. तपासणीच्या मध्येच येणारा फोन मदतनीसाने घ्यावा.

४. सर्वांना नऊ वाजता बोलावू नये. रुग्ण ४० आणि प्रत्येकी सहा मिनिटे धरली तर काम चार तासांचे. सगळे नऊला आले तर शेवटच्याला ३ तास ५४ मिनिटे बाकावर काढावी लागतात. ब्रिटनमध्ये १९५२ साली नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलेली पद्धत सोपी आहे: सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढे सरासरी लागणाऱ्या वेळेच्या अंतराने एकेकाला. अर्थात डॉक्टरच उशिरा आले तर हे सारे गणित कोलमडते.

५. छातीत दुखणे, धाप लागलेले बाळ, गरोदरपणातील रक्तस्राव यांना टोकन नाही. हे कोणाला विचारल्याशिवाय ठरवण्याचा अधिकार दारावरच्या मदतनीसाला द्यावा, आणि तसा फलकही लावावा.

आता रुग्ण म्हणून आपले कर्तव्य. चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. मुख्य तक्रार सर्वांत आधी सांगावी, निघताना दारात नव्हे. आत कोणी असेल तर बाहेर थांबावे, आणि आपल्या वेळी दार लावून घेण्याची विनंती निःसंकोच करावी. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या कित्येक आजींना तमिळ येत नाही, इंग्रजीही नाही. नातू दुभाषा म्हणून जातो आणि त्याच्यासमोर आजी खरे दुखणे सांगत नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या तीन-चार भगिनींनी आठवड्यातून एक सकाळ दिली, तरी हे काम होईल. ज्यांची तयारी असेल त्यांनी आजच आरतीनंतर चिटणीसांकडे नाव द्यावे. आतले बोलणे बाहेर जाणार नाही, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे.

आरतीला आपण सगळे दाटीवाटीने उभे राहतो, त्यातच आनंद आहे. तपासणीला मात्र प्रत्येकाला त्याची एकट्याची सहा मिनिटे मिळावीत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!